रोजचं जेवण आणि चंगळीचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पौष्टिक जेवण आणि चमचमीत जेवण, दोन्ही मी घरी आवडीने करते. त्याबद्दल तेच ते प्रश्न सतत येत राहतात, म्हणून ते एका जागी आणले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा कुणाची रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर कृपा करून आधी प्रश्न १८ वाचा.

१. तुम्ही पौष्टिक म्हणता म्हणजे नेमकं काय? कॅलरी मोजायच्या का?

मी कॅलरी मोजत नाही, ताट बघते. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं. पाव ताटात धान्य, शक्यतो कोंड्यासकट. उरलेल्या पावात डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन किंवा टोफू. बटाटा मी भाज्यांत धरत नाही. तो पिष्टमय असतो, म्हणून धान्याच्या बाजूला जातो.

आकडे हवेच असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचे तीन पुरेसे आहेत. दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं. मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात पाव, चीज, सॉस यांमधलं मीठही आलं. वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी ती साधारण ५० ग्रॅम होते. हिशोब मात्र आठवड्याचा ठेवावा. एका रात्री केक खाल्ला म्हणून आठवडा बिघडत नाही, आणि एका दुपारी सॅलड खाल्लं म्हणून सुधारतही नाही.

२. मग चंगळीचे पदार्थ करायचेच कशाला? बंद केलेले बरे नाहीत का?

मला ते बंद करायचे नाहीत. तळलेला बटाटा, चीज घातलेला पास्ता, चॉकलेटचा केक यांचं सुख दुसऱ्या कशातून मिळत नाही, आणि ते आपल्या हातांनी करून माणसांना वाढणं हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद आहे. शिवाय घरी करण्याला स्वतःचा एक लगाम असतो. बटाटे सोलायचे, कापायचे, धुवायचे, कोरडे करायचे, दोनदा तळायचे आणि मग कढई घासायची, हे कुणी रोज करत नाही. तोच पदार्थ पाकिटातून आला तर रोज खाल्ला जातो.

माझा नियम एवढाच: घरी केलेलं, ताजं आणि पूर्ण दर्जाचं असेल तरच चंगळ. बेताची चव असलेल्या तळणीवर मी भूक खर्च करत नाही.

३. कोणत्या पदार्थातलं तेल, लोणी, साखर कमी करायची आणि कुठे हात लावायचा नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याचं उत्तर मिळालं की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

पदार्थाकडे बघून स्वतःला विचारा: इथे हे तेल किंवा ही साखर काय काम करते? कधी ती पदार्थाचा सांगाडा असते. बिस्किटाचा खुसखुशीतपणा लोण्यामुळे येतो, कारण लोणी पिठाच्या कणांवर पसरतं आणि ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या, लांब तारा होऊ देत नाही. मेरिंग या फेसाळ मिठाईतली साखर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस टिकवून धरते. कॅरमल म्हणजे तर साखरच. अशा ठिकाणी काटछाट केली की वेगळाच, बहुतेक वेळा वाईट पदार्थ तयार होतो. तो पूर्ण मापाने करावा आणि लहान तुकडा खावा.

कधी मात्र तेल-साखर केवळ सवयीने पडते. भाजी परतताना बाटलीतून थेट ओतलेलं तेल, सूपवरची साय, टोमॅटोच्या सॉसमधली दोन चमचे साखर, आधीच गोड असलेल्या फळांच्या मिठाईत परत घातलेली साखर. इथे निम्मं कमी केलं तरी जाणवत नाही, आणि जाणवलंच तर आठ-दहा दिवसांत जीभ रुळते.

तिसरा प्रकार मधला आहे. केक, मफिन, चीज सॉस, मॅश केलेला बटाटा. यांत थोडी सवलत असते, पण मर्यादा कळायला हवी. केकबद्दल प्रश्न ११ मध्ये आणि सॉसबद्दल प्रश्न १३ मध्ये सविस्तर आहे.

४. पौष्टिक जेवण बेचव का लागतं? घरचे दोन दिवसांत कंटाळतात.

कारण आपण तेल आणि मीठ काढून टाकतो आणि त्यांच्या जागी काहीच ठेवत नाही. चव आणणाऱ्या गोष्टी आणखी बऱ्याच आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींत कॅलरी जवळजवळ नसतात.

पहिली गोष्ट, खरपूसपणा. पदार्थाचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर गेला की प्रथिनं आणि शर्करा यांच्या संयोगातून शेकडो नवे सुवासिक घटक तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे भांड्यात ओल आहे तोवर हे घडूच शकत नाही. मशरूम, कोबी, टोफू, चिकन काहीही असो, आधी पुसून कोरडं करा, भांडं नीट तापू द्या, थोडं थोडं घाला आणि सारखं हलवू नका. एका बाजूला तपकिरी रंग आल्यावरच उलटा. फक्त एवढ्याने निम्म्या तक्रारी संपतात असा माझा अनुभव आहे.

दुसरी, आंबटपणा. जेवण सपक लागलं की हात मिठाकडे जातो. त्याआधी लिंबाचे चार थेंब किंवा चमचाभर व्हिनेगर घालून चाखा. मीठ कमी असलेलं सूपही एकदम जागं होतं. आंबट मात्र शेवटी घालावं, उकळत ठेवलं तर लिंबाचा ताजा वास उडून जातो.

तिसरी, उमामी, म्हणजे रश्शासारखी भरीव, खमंग चव. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशैवालाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या चवीला नाव दिलं. पिकलेले टोमॅटो, वाळवलेले मशरूम, सोया सॉस, मुरलेलं चीज यांत ती भरपूर असते. वाळवलेले मशरूम भिजवलेलं पाणी मी कधी फेकत नाही. गाळून सूपमध्ये घालते. सोया सॉस आणि चीज यांत मीठ असतंच, त्यामुळे ते घातल्यावर वेगळं मीठ चाखूनच घाला.

चौथी गोष्ट पोत, आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मऊ डाळ, मऊ भात, मऊ भाजी असं ताट कितीही चांगलं शिजलेलं असलं तरी कंटाळवाणं लागतं. त्यावर भाजलेल्या बिया, कच्चा कांदा, पातळ चिरलेली काकडी किंवा कडेला करपूस झालेला कोबी घाला. दाताखाली काहीतरी यायला हवं.

मीठ कमी घालायचं असेल तर शिजताना थोडं घाला आणि उरलेलं अगदी शेवटी वरून भुरभुरा. पृष्ठभागावरचं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे कमी मिठातही पुरेसं वाटतं.

५. भाज्या उकडाव्यात, वाफवाव्यात की भाजाव्यात? सत्त्व कशात टिकतं?

क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात, म्हणून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देणं हा सगळ्यात तोट्याचा मार्ग. वाफवणं, मायक्रोवेव्हमध्ये दोन चमचे पाणी घालून झाकून शिजवणं किंवा झटपट परतणं यांत नुकसान कमी होतं. सूपमध्ये पाणी पोटातच जातं, तिथे ही काळजी नको.

पण शिजवल्याने फायदाही होतो. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यावर आणि थोड्या तेलासोबत शरीराला जास्त मिळतं. गाजर, भोपळा, पालक यांतल्या कॅरोटीनलाही स्निग्धता लागते, म्हणून तेलाचा थेंबही न घातलेलं सॅलड मला शहाणपणाचं वाटत नाही. ब्रोकोली चिरल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवून मग शिजवली तर सल्फोराफेन नावाचा उपयुक्त घटक तयार व्हायला वेळ मिळतो. लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवतात तेही अशाच कारणाने.

आणि खरं सांगायचं तर जी पद्धत वापरल्यावर घरची माणसं भाजी संपवतात, ती पद्धत चांगली.

६. ओव्हनमध्ये भाज्या भाजायला ठेवल्या की लिबलिबीत होतात. का?

ट्रे गच्च भरलेला असतो. भाज्यांतून निघालेली वाफ अडकते आणि त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. ओव्हन २२० अंशांवर आधी तापवा, भाज्या पुसून घ्या, एकाच थरात आणि तुकड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून पसरा. जास्त असतील तर दोन ट्रे करा. झुकिनी, मशरूम अशा पाणी सोडणाऱ्या भाज्या बटाटा-गाजरासोबत एकाच ट्रेमध्ये ठेवू नका.

७. कडधान्यं तासन्‌तास शिजत नाहीत. सोडा घालू का? आणि राजमा विषारी असतो हे खरं आहे का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो जिवाशी खेळ आहे. हो, कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा काही तासांत जोराच्या उलट्या-जुलाब घडवू शकतात. राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. प्रेशर कुकरमध्ये तापमान याहून जास्त जात असल्याने पूर्ण शिजलेला राजमा सुरक्षित असतो. धोका आहे तो स्लो कुकरमध्ये. त्याचं तापमान कमी राहिलं तर हे लेक्टिन नष्ट होत नाही, उलट विषारीपणा वाढू शकतो. स्लो कुकर वापरायचाच असेल तर राजमा आधी वेगळ्या भांड्यात उकळून घ्या. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो.

आता सोडा. चिमूटभर सोड्याने दाणे लवकर मऊ होतात, पण थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. मी त्याऐवजी भिजवायच्या पाण्यात मीठ घालते. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. टोमॅटो, चिंच, लिंबू यांपैकी काहीही दाणे शिजल्यावरच घाला, आंबटामुळे साल कडक राहते. इतकं करूनही शिजले नाहीत तर दाणे जुने आहेत.

८. सगळ्यात चांगलं तेल कोणतं?

ऊर्जेच्या दृष्टीने सगळी सारखी. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे १५ मिलीलिटरच्या मोठ्या चमच्यात सुमारे १२०. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, हा आकडा बदलत नाही. फरक असतो मेदाम्लांत. ऑलिव्ह, शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल यांत असंपृक्त (हृदयाला तुलनेने बरा) मेद जास्त. लोण्यात वजनाच्या निम्मा भाग संपृक्त मेदाचा, आणि खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त. रोजच्या जेवणात पहिल्या गटातलं तेल वापरावं, आणि लोणी जिथे चवीसाठी हवंच तिथे ठेवावं.

रोजचं तेल चमच्याने मोजा. बाटलीतून ओतताना आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट पडतं.

९. तळलेला पदार्थ तेलकट का होतो? घरी केलेले फ्राइज कुरकुरीत राहतच नाहीत.

तेलात घातल्यावर पदार्थातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते. ते बुडबुडे म्हणजे ही वाफच. ती बाहेर ढकलत असते तोवर तेल आत शिरू शकत नाही. तेल थंड असेल तर वाफेचा जोर कमी आणि कवच तयार व्हायला वेळ जास्त. म्हणून १७० ते १८० अंश हवेत. स्वयंपाकाचा थर्मामीटर ही चंगळीच्या स्वयंपाकातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे, जरूर घ्या. कढई भरून पदार्थ टाकला की तापमान एकदम उतरतं, त्यामुळे थोडे थोडे तळा.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: बहुतेक तेल पदार्थ बाहेर काढल्यानंतर आत जातं. तो गार होऊ लागला की आतल्या वाफेचं पाणी होतं, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्याक्षणी झारा झटका आणि पदार्थ जाळीवर पसरा. कागदावर ढीग करून ठेवलात तर खालची बाजू वाफेने मऊ पडते.

बटाट्याच्या फ्राइजसाठी: कापून थंड पाण्यात धुवा म्हणजे वरचा स्टार्च निघून जाईल, फडक्याने अगदी कोरडे करा, आधी साधारण १५० अंशांवर रंग न येता आतून शिजेपर्यंत तळा, काढून पूर्ण गार करा आणि जेवायला बसण्याच्या तोंडावर १८५-१९० अंशांवर सोनेरी करा. मीठ ताबडतोब, वरून. याला दुसरा जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

१०. एअर फ्रायरमध्ये तेच सगळं कमी तेलात होतं ना?

एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंखा असलेला छोटा ओव्हन. ब्रेडचा चुरा लावलेले पदार्थ, बटाट्याच्या फोडी, भाजलेली कडधान्यं त्यात छान होतात, आणि थोड्याशा तेलाने तर फारच. पातळ पिठात बुडवून तळायचे पदार्थ मात्र त्यात करू नयेत. कवच धरण्याआधीच पीठ ओघळून जातं. मी तो रोजच्या भाज्यांसाठी वापरते. चंगळीच्या दिवशी कढई.

११. केकमधली साखर आणि लोणी किती कमी करता येईल? मैद्याऐवजी कणीक चालेल?

केकमध्ये साखर गोडीपलीकडे बरंच काही करते. ती ओलावा धरून ठेवते, केक मऊ ठेवते, वरचा रंग आणते, आणि लोण्यासोबत फेटताना तिच्या कणांमुळे हवा कोंडली जाते. साध्या लोण्याच्या केकमध्ये पाव भाग साखर सहज कमी होते. केळ्याच्या किंवा गाजराच्या केकमध्ये एक तृतीयांशही चालते. फेटलेल्या अंड्यांवर फुलणाऱ्या स्पंजमध्ये कमी करू नका, तो बसेल.

तेल किंवा लोण्यातलं निम्मं काढून तेवढाच सफरचंदाचा किंवा पिकलेल्या केळ्याचा गर घाला. पूर्ण बदललंत तर रबरासारखा केक होतो. मैद्यातला निम्मा भाग कणकेने बदला. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या तारा कापतात आणि पाणीही जास्त पितात, म्हणून दोन-तीन चमचे दूध वाढवा आणि भांड्यात पीठ वीसेक मिनिटं मुरू द्या. बेकिंग पावडर मात्र मुरल्यानंतर, अगदी शेवटी मिसळा.

हे तिन्ही बदल एकाच केकमध्ये करू नका. एका वेळी एकच, म्हणजे काय बदललं ते कळतं. आणि वाढदिवसाच्या केकला यातलं काहीही लावू नका, अशी माझी विनंती आहे.

१२. साखरेऐवजी गूळ, मध किंवा शुगर-फ्री गोळ्या वापरल्या तर?

गूळ आणि मध यांना स्वतःची सुंदर चव आहे, आणि त्या चवीसाठी ते जरूर वापरावेत. पण शरीराच्या लेखी तीही साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत (प्रश्न १) मध, पाक आणि फळांचा रससुद्धा मोजला जातो. गुळात खनिजं असतात, पण चमचा-दोन चमच्यांत मिळतात ती नगण्य. मधात पाणी असतं आणि तो लवकर तपकिरी होतो, त्यामुळे केकमध्ये घालताना बाकीचं द्रव थोडं कमी करा आणि ओव्हन १०-१५ अंशांनी उतरवा. एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नका, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

कृत्रिम गोडव्यांबद्दल: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरू नयेत, अशी शिफारस याच संघटनेने मे २०२३ मध्ये केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं. स्वयंपाकाच्या बाजूने सांगायचं तर ते प्रश्न ११ मधली साखरेची बाकीची कामं करत नाहीत.

१३. चीज सॉस हलका करायला गेले की फुटतो किंवा चिवट होतो. दही घातलं तर दही फुटतं.

कमी मेदाचं चीज आणू नका, ते नीट वितळतच नाही. त्याऐवजी मुरलेलं, कडक चवीचं चीज निम्म्या प्रमाणात घ्या. उरलेली जाडी शिजवून वाटलेल्या फ्लॉवरने किंवा पांढऱ्या घेवड्याने आणा. दुधात थोडं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर शिजवून घ्या, गॅस बंद करा आणि मग किसलेलं चीज मूठ मूठ घालत ढवळा. चीज घातल्यावर उकळी आली की त्यातली प्रथिनं आवळली जातात आणि चरबी वेगळी सुटते. स्टार्च ते बऱ्यापैकी रोखतो.

दह्याचंही तेच. एक कप दह्याला चमचाभर कॉर्नफ्लोअर फेटून घ्या, दही फ्रिजमधून काढून थेट टाकू नका, आणि घातल्यावर मंद आचेवरच ठेवा. बिनसायीचं दही सगळ्यात आधी फुटतं.

१४. भात थंड करून खाल्ला तर साखर वाढत नाही असं ऐकलं. खरं का?

त्यात तथ्य आहे, पण थोडं. भात, बटाटा, पास्ता शिजवून फ्रिजमध्ये गार केल्यावर स्टार्चचा काही भाग न पचणाऱ्या रूपात जातो आणि पुन्हा गरम केल्यावरही त्यातला बराच टिकतो. फरक इतका मोठा नाही की दुप्पट भात खावा.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. थंड भात हवा असेल तर शिजल्यावर परातीत पातळ पसरा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्या, वास चांगला असला तरी.

१५. रविवारी आठवड्याचं करून ठेवते. किती दिवस टिकतं? काय गोठवू नये?

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. मोठ्या पातेल्याऐवजी उथळ डब्यांत भरा, म्हणजे मध्यापर्यंत लवकर गार होतं. ४ अंशांवर तीन-चार दिवस ठीक (भाताचा अपवाद प्रश्न १४ मध्ये). त्यापुढचं फ्रीझरमध्ये. गरम करताना मधोमध ७४ अंश, म्हणजे सगळीकडून वाफा येईपर्यंत.

सूप, शिजलेली कडधान्यं, टोमॅटोचा सॉस, केक छान गोठतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, बटाट्याच्या फोडी भुसभुशीत होतात, क्रीमचा सॉस फुटतो, काकडी-सॅलडचा चोथा होतो. मी पूर्ण जेवणं करून ठेवत नाही. शिजवलेली कडधान्यं, भाजलेल्या भाज्या आणि एक चांगला सॉस तयार ठेवते. त्यांतून रोज वेगळं ताट होतं आणि कंटाळा येत नाही.

१६. घरात एकाला पथ्य, बाकीच्यांना चमचमीत. दोन स्वयंपाक करायचे का?

नाही. पातेलं एकच, शेवट दोन. डाळ, रस्सा, सॉस कमी मीठ-तेलात शिजवा, पथ्याचा वाटा आधी काढा, मग उरलेल्यात लोणी, चीज, तिखट जे हवं ते घाला. पथ्याच्या वाट्यालाही वरून काहीतरी द्या: लिंबू, कोथिंबीर, भाजलेल्या बिया. त्या माणसाला उरलंसुरलं वाढल्यासारखं वाटता कामा नये. याबाबतीत मी फार आग्रही आहे.

१७. मुलं भाज्या खात नाहीत. पास्त्यात लपवून द्याव्या का?

वाटून घालायला हरकत नाही, पण तीच भाजी ओळखू येईल अशीही ताटात ठेवा. नवी चव स्वीकारायला मुलांना अनेकदा, कधी कधी दहा-पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते, आणि घासभर चाखलं तरी ते धरायचं. ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ हा सौदा टाळा. त्यातून भाजी म्हणजे शिक्षा हेच पक्कं होतं. प्रश्न ६ मधल्या खरपूस भाज्या मुलांना बहुधा आवडतात.

१८. पौष्टिक सल्ला कुणासाठी उलटा पडतो?

काहींसाठी खरंच उलटा पडतो, आणि हे ‘सगळ्यांनी हे खा’ म्हणणारे सांगत नाहीत.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं आणि दुर्बळ मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. याच कारणाने त्यांना टोमॅटो, बटाटा, केळं, डाळी यांचंही माप आखून दिलेलं असू शकतं.

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत आणि अचानक बंदही करू नयेत. त्यांतलं के जीवनसत्त्व औषधाच्या परिणामाविरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं हवं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट चालत नाही. सीलिअॅक (ग्लुटेन न सोसणारा आतड्यांचा आजार) असलेल्यांना कणीक, रवा, बार्ली पूर्ण वर्ज्य. त्यांच्यासाठी तळायचं तेलही वेगळं ठेवा, कारण आधीच्या पदार्थाचा चुरा त्यात राहतो.

रक्तात लोह कमी असेल तर जेवणासोबतचा चहा-कॉफी तासभर पुढे ढकला. डाळी-पालेभाज्यांवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे त्यांतलं लोह जास्त शोषलं जातं.

१९. खरपूस भाजलेलं, तळलेलं आरोग्याला वाईट असतं असं वाचलं. मग प्रश्न ४ मधला सल्ला कसा पाळायचा?

तुम्ही वाचलं ते अ‍ॅक्रिलामाइडबद्दल असणार. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ते तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत दाखवून दिलं. अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा १२० अंशांच्या वर एकत्र आल्या की ते तयार होतं, त्यामुळे बटाटा, पाव, बिस्किटं यांत जास्त आणि उकडलेल्या-वाफवलेल्यात जवळजवळ नाही. मशरूम किंवा टोफू तपकिरी करण्याला ही अडचण फारशी लागू नाही.

बटाटा आणि पावाबाबत सोनेरी रंगावर थांबा, गडद तपकिरीवर जाऊ नका, काळं झालेलं खरवडून टाका. फ्राइज तळण्याआधी धुतल्याने वरची साखर निघते, तोही फायदा आहे. तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांच्या स्टार्चची साखर होते आणि ते आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतात.

२०. तळणीचं उरलेलं तेल किती वेळा वापरायचं?

ठरावीक आकडा नाही, तेलाकडे बघावं लागतं. गार झाल्यावर बारीक फडक्यातून गाळा, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. पुढच्या वेळी तापताना लवकर धूर आला, वर न मोडणारा फेस धरला, चिकट झालं किंवा खवट वास आला तर टाकून द्या. मासे तळलेलं तेल फक्त माशांसाठीच. सिंकमध्ये ओतू नका, नळीत थिजून ती तुंबते. गार करून बंद बाटलीत भरून कचऱ्यात द्या.